अठरा मिलिमीटर

बरकाच्या शीतगृहात माझं काम एवढंच:
घडातला एक मणी खुडायचा,
प्लास्टिकच्या कडीवर धरायचा.
अठराच्या कडीतून पडला, तर पेटी बाजूला.
पेटीवर कधी कधी आमच्याच तालुक्याचं नाव असतं.
मी ते वाचते, आणि तापमान लिहिते.

जुलैतल्या एका शुक्रवारी वकानला गेले,
वादी मिस्तलच्या गोट्यांवरून आदळत,
मग नुसत्या पायऱ्या. सातशे, म्हणाला ड्रायव्हर.
मी चारशेपर्यंत मोजल्या, पुढे श्वास मोजला.

डोंगराच्या अंगावर वाफ्यांची उतरंड.
जर्दाळू संपलेले, डाळिंबं कच्ची,
आणि वाटेवरच मांडव धरलेली वेल.
वाकूनच जायचं,
तरी घड डोक्याला लागतात.

खल्फान म्हातारा फलजच्या पाटाशी उकिडवा.
चिंधीत गुंडाळलेला दगड काढून
त्यानं पाणी खालच्या वाफ्यात सोडलं.
'दारं धरलंय का, काका?' मी मराठीतच विचारलं.
त्यानं मान डोलावली.
पाळी कधी संपणार, विचारलं खुणेनं.
त्यानं भिंतीवरची सावली दाखवली.

सून झुवैना तापल्या तव्यावर
सैल पिठाचा गोळा हातानंच फिरवत होती.
गोळा उचलला, मागे राहिला पापुद्रा.
मांड्याहून पातळ!
(माझ्या सासूबाईंना हे पटणार नाही.)
वर मध. बाजूला सुक्या माशाचा चुरा, कांदा, लिंबू.
कहवा पुरे झाला की कप हलवायचा असतो,
हे मला सहाव्या कपानंतर कळलं.

मग परातीत द्राक्षं.
एकाच घडात वाटाणे आणि लिंबोळ्या,
एका मण्याला गांधीलमाशीनं आधीच तोंड लावलेलं.
बोटं सवयीनं पर्सकडे गेली.
कडी होती.
झुवैनाच्या पोरीनं ती हिसकली,
बोटात घातली, सैल झाली,
मग डोळ्याला लावून माझ्याकडे बघत बसली.
मी त्यातून पडले की अडकले,
तिनं सांगितलं नाही.

साल जाड. बी कडू.
आमच्याकडे आता बी नसतंच.
मधे एवढासा गर,
आणि मी बियांसकट गिळत राहिले
सावली पायाशी येईपर्यंत.

रविवारी स्टोअरमधून नवी कडी मागितली.
'कारण'च्या रकान्यात लिहिलं:
हरवली.