पाण्याची रेघ

त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या गल्लीतून
दोन टेम्पो भरून माणसं कन्हानला जातात.
द्रोण, कणकेचे दिवे,
साडेसातशे धाग्यांची वात तुपात भिजवून
स्टीलच्या डब्यात, आणि डब्याला रबर.

दमडूजी बावनकर जात नाहीत.
महापालिकेत व्हॉल्व्हमन होते, एकतीस वर्षं.
पहाटे चारला लांब लोखंडी चावी खांद्यावर,
झाकण उचलायचं, गुडघा टेकायचा, फिरवायचं.
म्हणतात, "कन्हानले काऊन जाऊ बे?
थे तर मीनं घरोघरी सोडली.
तुह्या बारशाच्या घुगऱ्या तिच्यातच शिजल्या."

दुसरी नदी घरामागे आहे.
शहराला तिचं नाव, आणि तिला आम्ही नाला म्हणतो.
पुलावर स्कूटरवाले श्वास धरतात,
निर्माल्याच्या पिशव्या मात्र
तिथूनच खाली जातात, देवाचं नाव घेऊन.

त्या सप्टेंबरात ती रात्री तीनला आली.
आधी चपला तरंगल्या, मग सिलिंडर,
मग पार्वताबाईंची गव्हाची कोठी
आडवी होऊन दारापर्यंत गेली.
सकाळी भिंतीवर रेघ राहिली,
कमरेच्या वर, छातीच्या खाली,
पट्टीनं ओढावी तशी.

पार्वताबाई त्या थंडीत गेल्या.
भिंत वाळली,
त्यांच्या छातीतली ओल नाही वाळली.
मुलानं दोनदा रंगाचा डबा आणला,
दमडूजींनी दोनदा दुकानात परत केला.
का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

आज मी टेम्पोत जागा आहे म्हणून
बोलवायला गेलो.
त्यांनी रेघेला लागून फळी ठोकली होती,
दोन खिळे वाकडे.
फळीवर कणकेचे सात दिवे,
बोटांचे ठसे तसेच, एकाचं तोंड फाटकं.
पार्वताबाईंचे दिवे कसे नाजूक असायचे.
मी उंबऱ्यात पाय टाकला तर म्हणाले,
"चपला काढ. घाट हाय."

काढल्या.
फरशी गार होती. बोलायला काही सुचेना.
बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत राहिला
आणि एकदाचा थांबला.

लोक परतले तेव्हा बारा वाजून गेले होते.
पाच दिवे विझले होते.
फाटक्या तोंडाचा अजून तेवत होता
आणि त्याच्या वर, वीतभर,
भिंत काजळून काळी झाली होती.
तेवढ्यापुरती रेघ
आता दिसत नव्हती.