वाण

तिकीट मोठ्यांना तीस, बारा वर्षांखाली निम्मं.
त्या दिवशी मी पुन्हा अकराचा झालो
आणि गुडघ्यांत जरा वाकून
पाचगणीतल्या त्या बंगल्यात शिरलो.

पसरणीच्या घाटात आईनं दोनदा गाडी थांबवली होती,
लिंबू हुंगत, डोळे मिटून.
ओम्नी शेजारच्या यल्लाप्पा गवंड्यांची;
मागच्या सीटखाली त्यांचा ओळंबा, थापी, अर्धं पोतं सिमेंट.
त्या पोत्यावर पाय ठेवून हौसाआत्या
इस्लामपूरपासून एक शब्द न बोलता आली.
ती बोलायचीच कमी.
एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली
त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती,
आणि ट्रंक अजून कॉटखालीच होती, कुलपासकट.

अण्णा साखर कारखान्यात, वजनकाट्यावर.
त्यामुळे ते कुठलीही वस्तू बघत नसत, तोलत.
झुंबराखाली मान वर करून: "पावणेदोन क्विंटल."
पियानोपाशी: "सव्वातीन. पाय धरून."
भिंतीवरच्या गव्याच्या मुंडक्यासमोर मात्र
नुसते उभे राहिले,
मग टोपी नीट केली.

आई न्हाणीघरात रमली.
पांढरा टब, सिंहाच्या पंजांवर उभा;
आणि मागच्या भिंतीला एक बुटकं दार,
ज्यातून कुणीतरी गरम पाणी आणायचं
आणि गार झालेलं न्यायचं.
सगळ्या खोल्यांना दोरी बांधली होती.
त्या दारालाच नव्हती.
आई वाकून पलीकडे बघून आली. काय दिसलं, ते सांगितलं नाही.

गाईड घडाघडा म्हणत होता:
मडमनं ही झाडं बोटीतून आणली,
ओल्या शेवाळात गुंडाळून,
आपल्या वाटणीचं पाणी पाजत.
"विचारून आणली का?"
हौसाआत्याचं दिवसभरातलं पहिलं वाक्य.
गाईडला एवढंच पाठ नव्हतं.

हिरवळीवर बसू नये, अशी पाटी होती.
मग धपाटे गाडीच्या आडोशाला,
शेंगाचटणीवर तांबडी धूळ,
दह्याचा डबा नलूच्या मांडीवर कलंडलेला.
सिल्व्हर ओकची पानं वाऱ्यानं उलटत होती
आणि एकदम सगळं झाड पिकल्या केसांचं व्हायचं.
अण्णांनी एका झाडाला कवळ घातली,
मनात काही आकडे केले
आणि सोडून दिलं.

कुंपणाशी ती निळी फुलं,
नीळ जास्त पडलेल्या धोतरासारखी,
एकेक गुच्छ बाळाच्या डोक्याएवढा.
माळ्यानं पाइप दुसऱ्या वाफ्यात नेला.
मी बघत होतो.
आत्याच्या अंगठ्याचं नख एकदाच चाललं.
ओला रुमाल, रिकामा डबा, झाकण.
उतरताना घाटात ती माझ्या कानाशी म्हणाली,
"मागितलेलं लागत नाही. चोरलेलंच लागतं."
मी कुणाला सांगितलं नाही.
माझंही निम्मं तिकीट होतं.

गोडेतेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून
तिनं फांदी मोरीजवळ लावली, सावलीत.
पहिलं वर्ष नुसती पानं.
दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात,
गुच्छ आला.
गुलाबी.

आई म्हणाली, भलतीच फांदी मोडलीस.
नलू म्हणाली, साबणाचं पाणी.
अण्णा ड्युटीवरून आले, सायकल न लावता बघत राहिले.
"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला म्हणतात.
इथं वाणच लागला की!"

शाळेत पाटणे सरांना विचारलं.
ते म्हणाले, तिथली माती तांबडी, आंबट;
आपली काळी, खारवट.
तेच झाड, तेच फूल. तिथं निळं, इथं गुलाबी.
मी पळत घरी येऊन सांगितलं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं.
"माती व्हय," ती म्हणाली,
"मला वाटलं, लाजतंय."
आणि उरलेला तांब्या त्या डब्यात रिता करून
आत गेली.