मागची दोन

आकडे आतल्या बाजूला असतात.
म्हणजे गाडीखाली पाठीवर झोपायचं,
टॉर्च दातांत धरायचा,
थुंकी लावून अंगठ्यानं धूळ पुसायची.
चौतीस, बारा.
दोन हजार बारा साल, चौतिसावा आठवडा.
मी खालूनच ओरडलो.
माख्रीता म्हातारी वरून म्हणाली, "ऑगस्ट."

कीटमन्सहूपच्या वेशीवर माझं दुकान:
पत्रा, कॉम्प्रेसर, पेट्रुस नावाचा पोरगा,
समोर दगडांचा माळ, त्यावर कोकरबूमची झाडं,
सावली द्यायचं विसरलेली.
पंचावन्न किलोमीटर ती आली होती चाळिसाच्या वेगानं,
मागून येणाऱ्या प्रत्येकाला हात काढून वाट देत.

"नक्षी तरी बघ," म्हणाली, "नव्यासारखी आहे."
खाचेत नाणं खोचून दाखवलं. अर्धं बुडालं.
खोटं नव्हतं ते.
लुकास गेल्यापासून पिकअप उभीच होती.
दर रविवारी चर्चहून आल्यावर
ती शेजारच्या सीटवर बसायची,
हात लांबवून किल्ली फिरवायची,
दहा मिनिटं इंजिन ऐकायची, बंद करायची.
बॅटरीसाठी, म्हणाली.
शेजारच्या सीटवर का, ते मी विचारलं नाही.

टायर चालून झिजतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं.
उभ्या उभ्याही मरतो,
हे गिऱ्हाइकांना पटवता पटवता माझे केस गेले.
मी तिचा हात धरला, बोट कडेवरून फिरवलं.
बारीक बारीक तडे,
फिश नदीचा नकाशा कुणी सुईनं कोरावा तसे.
नखानं दाबलं तर रबर दबत नव्हतं,
जुन्या खुरासारखं टणक.
ती बोट मागं घेईना.

"त्या आठवड्यात योनास झाला," म्हणाली.
"आता माझ्या डोक्यावरून बघतो."
योनास कोएसच्या वसतिगृहात.
उद्या शाळेला सुट्टी लागते,
मधे सव्वाशे किलोमीटर खडी,
आणि न्यायला दुसरं कुणी नाही.

तीन मेंढ्या विकल्याचे पैसे होते.
मी मोजले. पेट्रुसनं मोजले. दोघांचे सारखेच आले:
दोन टायर.

"पुढं घाल," ती म्हणाली. सगळेच म्हणतात.
मी म्हणालो, मागं.
तिला वाटलं मी थट्टा करतोय.
पुढचं चाक सुटलं, आई, तर स्टिअरिंग हाताला सांगतं,
पाय आपोआप उचलला जातो.
मागचं सुटलं तर कुणी काही सांगत नाही,
एकदम माळ फिरतो.
ती बराच वेळ कॉम्प्रेसरकडं बघत राहिली.
"घाल मागं," म्हणाली.

जुन्या चारांतले दोन कमी तडकलेले पुढं लावले.
मनात काही तरी चुकल्यासारखं वाटत होतं, तरी लावले.
हवा खडीसाठी थोडी कमी ठेवली.
साठच्या वर जायचं नाही, उन्हाच्या आधी निघायचं,
आणि मेंढ्या व्याल्या की पुढच्या दोघांसाठी यायचं:
फळ्यावर खडूनं तिचं नाव लिहिलं.
स्टेपनी काढली तर आठ, शून्य सात.
योनासपेक्षा पाच वर्षांनी थोरली,
कधी जमिनीला न लागलेली, अंगावर रोमसुद्धा तशीच,
आणि आतून पापडासारखी.
ती मी गाडीत परत ठेवू दिली नाही.
माझ्या ढिगातली एक दिली, उसनी.
"परत कधी द्यायची?" तिनं विचारलं.
लागली नाही तर, मी म्हणालो.

ती गेली, पन्नासनं असेल.
पेट्रुस काढलेल्या टायरवर बसून पाव खात होता.
"साहेब, तुमच्या गाडीचे किती सालचे?"

आकडे आतल्या बाजूला असतात.
पाठीवर झोपावं लागतं.
पाठ दुखतेय, म्हटलं त्याला.
उद्या बघू.