वाढलेलं तेल

एर्लेंड, बोट तीनला सुटते. अजून तास आहे.
पैसे तू मोजलेस, मी घेतले, तो विषय संपला.
आता बाह्या वर कर आणि इकडे ये.
बॉनेटच्या निळ्या रंगाकडे बघू नकोस,
तो मी ईस्टरला घराच्या दाराबरोबरच मारलाय.
इथे बघ, कुशीला.

हा पंप.
चार नळ्या वर गेल्यात, खाली चार दट्टे,
प्रत्येकाची आपापली नळकांडी,
मधली फट केसाच्या तिसाव्या हिश्श्याएवढी.
घासून घासून एकमेकांचे झालेत.
एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळकांडीत घातलास
तर बसेल.
बसेल, पण नांदणार नाही.
माझा भाऊ मॅन्सी चार जोड्या चार बशांत मांडायचा,
आईच्या लग्नातल्या बशांत.
त्या दिवशी आमचे कप
टेबलावर गोल डाग सोडायचे.

महिन्याच्या पहिल्या उधाणाला
(तारीख विसरशील, समुद्र विसरू देणार नाही)
कडेचा हा छोटा स्क्रू काढ.
पंपाच्या पोटात त्याचं स्वतःचं तेल असतं,
इंजिनच्या तेलाशी त्याचा हिशेब नाही.
भोकाच्या काठापर्यंत असावं.
कमी असलं तर भर, त्यात काही विशेष नाही.
पण न घालता वाढलं,
स्क्रू काढताच आपण होऊन वाहायला लागलं,
तर खूश होऊ नकोस.
ते वाढणं म्हणजे झिजणं.
दट्ट्यांच्या कडेनं डिझेल खाली उतरतंय,
वंगण पातळ करतंय.
बोटावर घे, वास घे.
मॅन्सी जिभेवर घ्यायचा. तू घेऊ नकोस.

नोव्हेंबरात नर्सच्या काट्यावर
त्याचं वजन चार किलो जास्त भरलं.
मला बरं वाटलं,
चला, जेवण अंगी लागतंय.
पाणी होतं ते.

असो. मागे ये.
हा गोल डबा, आत चामड्याचा पडदा.
हवा पडद्याला ओढते, पडदा दांड्याला,
आणि दांडा ठरवतो डिझेल किती, वेग किती.
चामडं वाळलं की इंजिन बिथरतं,
चढतं, पडतं, पुन्हा चढतं,
उभ्या जागी धापा टाकतं.
सगळे पंपाला नावं ठेवतील.
कर्कवॉलचा तो पोरगा तर नवा पंप विकायलाच बसलाय.
तू आधी पडदा काढ, खिडकीसमोर धर.
सुईएवढी चांदणी दिसली तर बदल.
नाही दिसली तर गाईच्या खुरांचं तेल, रात्रभर.
मला हे आवडतं,
एवढ्या लोखंडात
गाय अजून कुठेतरी कामाला आहे.

एखादं सिलिंडर रुसलं तर इंजिन चालू ठेव,
एकेका नळीचा नट अर्धा फेरा सैल कर.
आवाज पडला, तर ते राबत होतं, कस परत.
ज्याच्या नटानं काहीच फरक पडत नाही,
तेच ते मुकं.
फडकं धर, आणि हात लांब.
ती धार कातडीत शिरते, रक्तही येत नाही,
संध्याकाळपर्यंत बोट काळं पडतं.
रेंडॉलच्या धाकट्याला विचार,
नऊच बोटांनी फिडल वाजवतो.

आणि थंडीत ईथर मारायचं नाही.
चटक लागते त्याला.
टाकीत पाणी जाऊ द्यायचं नाही.
आणखी काय...
हो, हा बंद करायला किल्ली नाही.
ही मूठ ओढायची,
आणि ओढून धरायची,
शेवटचा फेरा संपेपर्यंत.
लोक मध्येच सोडतात,
मग तो खोकून पुन्हा सुरू होतो.
मीही दोनदा सोडली होती.

जा, भोंगा झाला.
बोटीत चढवलास की बंद कर.
वारा तिकडून आहे,
मला इथपर्यंत ऐकू येईल
तू नीट धरलीस की नाही.