एक वॅट

गुंडेटी मामांनी माझ्या हातातला वॉकीटॉकी काढून घेतला,
बाजूचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं.
पडद्यावरचा एच गेला, एल आला.
"पाच वॅटवर कुणाला ऐकवायलीस गं? विजापूरला?
तुझा माणूस त्या पाळण्याखाली उभारलाय."

होम मैदान. गड्ड्याची तिसरी रात्र.
हरवलेल्यांच्या मांडवात आम्ही सात जण,
सात संच, जादा बॅटरी एकही नाही,
आणि चार्जरला प्लग भेळवाल्याच्या मर्जीवर.

मामा चाळीस वर्षं मागावर होते.
शेडमध्ये खडाखड, खडाखड,
शेजारच्याला धोटा माग म्हणायला घशाची शीर फुगायची.
घरी मीठ मागायचे, तेही गल्लीला ऐकू जाईल असं.
मामी ताटावरून तेलुगूत म्हणायच्या,
मेल्लगा, अहो मेल्लगा, हळू.
तोच माणूस मला सांगतोय, कमी कर.

"ऐकताना ही घोट घोट पिती.
बोलायला लागलीस की रांजणच उपडा.
पाचाचं एक केलं म्हणून आवाज पाचपट लांब जायचा थांबत नाही,
जरा खरखरतंय, एवढंच.
आणि मैदान केवढं? तळ्यापासून तटापर्यंत."

बसवराजला हे पटलं नाही.
संध्याकाळपासून तो पाचावर चहाची चौकशी करत होता.
साडेदहाला त्याचा संच दोनदा टुक टुक करून मेला,
कानाला लावला तर इस्त्रीसारखा गरम.

अकरा वाजून गेल्यावर किल्ल्याच्या बाजूनं कुणीतरी:
पोर... लाल स्वे... नाव विचा...
पुढं नुसती वाळू.
माझा अंगठा आपोआप बाजूच्या बटणावर.
मामांनी मनगट धरलं.
"वाढवू नको. जागा बदल."

मौत का कुआच्या पत्र्याआडून मी बाहेर आले,
अकरा पावलं, मोजली म्हणून सांगते,
उसाच्या चरकापलीकडं, जिथं तट सरळ दिसतो.
संच उभा धरला, तोंडापासून वीतभर लांब.
आणि एका वॅटवर सगळं आलं:
लाल स्वेटर, एका पायात बूट,
नाव विचारलं की फक्त अव्वा म्हणतंय.
मागं ते म्हणतही होतं. अव्वा.

माझ्यामागोमाग आलेली एक बाई,
मघापासून मांडवात खांबाला टेकून गप्प बसलेली,
तेवढं ऐकून पळाली.
तटाकडं कुठून जायचं हेही तिनं विचारलं नाही.

परत आले तेव्हा पडद्यावर अजून दोन काड्या होत्या.
मामा खुर्चीत, शेंगा सोलत.
डावा कान मागांनी कधीच नेलाय,
उजव्याला गड्ड्याचे भोंगे.
"काय झालं? सापडलं का?"

सापडलं, मी म्हणाले.
"आं?"
मग मी खाली वाकले, दोन्ही हातांचा कर्णा केला,
आणि मांडव दचकेल एवढ्या जोरात,
पुरत्या पाच वॅटवर, त्यांना सांगितलं.