डावं पातं

अकरा हंगाम मी ईवारच्या स्केटना धार लावली.
डावं पातं जरा बोथट ठेव, म्हणायचा,
वळताना बर्फानं धरून ठेवायला नको.

लहानपणी, पहाटे पाचला, उणे सव्वीसात,
बाप खाणीतली रात्रपाळी संपवून
त्याला रिंकवर सोडायचा
आणि गाडीतच झोपायचा, इंजिन चालू ठेवून.

एकदा अमेरिकेनं बोलावलं.
चार सामने. एक दात तिकडेच राहिला.
परतला तेव्हा कुणी काही विचारलं नाही.
शेलेफ्टेओत तशी रीत नाही,
कॉफीचा मग पुढे सरकवतात, बस्स.

गोल जेमतेम.
अडवलेले पक मात्र अंगावर मोजता येतात:
घोटा, दोन बरगड्या,
हनुवटीखालचा व्रण,
जो त्याच्याआधी हसतो.

मार्चमध्ये शेवटचा सामना हरलो.
सगळे गेल्यावर आला, स्केट टेबलावर ठेवले.
लाव धार.
कशाला, हे माझ्या ओठांवर आलं होतं.
चाक फिरवलं, ठिणग्या उडाल्या,
डाव्या पात्याशी सवयीनं हात हलका झाला

तर म्हणाला, नको,
दोन्ही सारखीच लाव.
उद्या तळ्यावर जातोय.
लांबलचक आहे ते,
वळावं लागत नाही.