जुने फोटो घेऊन या

मला माणूस भेटत नाही, त्याचा तुकडा भेटतो.
फॉर्मालिनच्या बाटलीत, वालाच्या दाण्याएवढा,
वर चिकटपट्टीवर नाव: चिचिको मार्गियानी,
वय त्रेपन्न, गाव मेस्तिया. उजवी खोबण.
तिबिलिसीच्या या तळघरात
उन्हापेक्षा दिवा जास्त ओळखीचा.

माल्खाझने, आमच्या सर्जनने, कागदावर खरडलंय:
डोळा सहा मिलिमीटर पुढे. दुखत नाही.
आधी कुणी थायरॉईड म्हणालं, वर्षभर गोळ्या दिल्या,
मग कुणी रक्ताची गाठ म्हणालं, असू द्या म्हणालं,
कुणी काहीच न म्हणता चष्म्याचा नंबर बदलून दिला.
डोळ्याच्या मागचं डोळ्याला दिसत नाही.
आणि खोबण म्हणजे सगळीकडून हाड;
आत काही वाढलं तर डोळ्यालाच
दारात येऊन उभं राहावं लागतं.

काचेवर गुलाबी-जांभळी गर्दी.
पेशी कशाही पडलेल्या, सांडलेल्या काडेपेटीसारख्या;
आमच्यात याला म्हणतात, नक्षी नसलेली नक्षी.
मधूनमधून रक्तवाहिन्या,
हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेल्या.
संशय आला. संशयावर सही करता येत नाही.
खात्रीचा रंग संपलेला,
परदेशातून यायला एकवीस दिवस.
इतक्या विरळ गाठीसाठी कोण साठा करून ठेवतं?
बावीस वर्षांत माझ्या काचेखाली ही दुसरी.

तोवर माल्खाझने निरोप धाडला होता: जुने फोटो घेऊन या.
कधी सुरू झालं ते रोग्याला ठाऊक नसतं.

लामारा घेऊन आली, दहा तास मिनीबसने,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
फोटोंना लसणाचा, निळ्या मेथीचा वास;
डब्यात आधी त्यांचं डोंगरी मीठ असायचं.
मी वर गेले. सहसा जात नाही.
टेबलावर पत्त्यांसारखे मांडले:
लग्न. दगडी बुरुजापाशी बर्फ उपसताना.
मुलीचा बाप्तिस्मा, हातात मेणबत्ती.
कुणाच्या तरी चाळिसाव्या दिवसाचं जेवण.
त्यांच्याकडे पुरुष फोटोत हसत नाहीत, ते एक बरं.
भिंग धरून पापणी, बुबुळ, पांढऱ्याची कड.
लग्नात नाही.
बुरुजापाशी नाही.
बाप्तिस्म्यात, मेणबत्तीच्या उजेडात,
उजव्या बुबुळाखाली
नखाच्या कोरेएवढं पांढरं जास्त.
म्हणजे अकरा वर्षं.

लामारा बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
मला वाटायचं, हल्ली माझ्याकडे जरा निरखून बघतो.

रंग आला. केंद्रकं तपकिरी झाली, झाडून सगळी.
नाव लांब आहे, मी सावकाश सांगितलं:
एकाकी तंतुमय गाठ.
एकाकी? तिनं तेवढंच विचारलं.
पूर्ण निघेल म्हटलं, डोळाही राहील बहुतेक,
पण ही परत येते कधीकधी,
दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी, आपण विसरलो की.
म्हणून दरसाल एक फोटो काढा. समोरून. उजेडात.
आणि हसायचं नाही.
हसलं की डोळे बारीक होतात, काही कळत नाही.

तिनं बाजूला टाकलेल्यांतून एक उचलला.
चिचिको ट्रॅक्टरवर, तोंडभर हसू,
डोळे मिटल्यातच जमा.
मग हा तुमच्या काही कामाचा नाही ना, म्हणाली,
आणि तो डब्यात न ठेवता
कोटाच्या आतल्या खिशात घातला.